पडद्यावरचे ‘आज’ आणि कागदावरची तारीख

एका मराठी ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर एक छापील कागद लावलेला होता. त्यावर लिहिले होते, ‘आज सायंकाळी ६:३० वाजता व्याख्यान. उरले फक्त ४ तास १२ मिनिटे.’ कागदावर तारीख कुठेच नव्हती आणि व्याख्यान होऊन तीन दिवस उलटले होते. तरीही एक वयस्क वाचक तो कागद वाचून सायंकाळी आले आणि सभागृहाला कुलूप पाहून परत गेले. यात ग्रंथपालांची चूक नव्हती, वाचकांचीही नव्हती. संस्थेच्या संकेतस्थळावरचे पान पडद्यावर बिनचूक होते. कार्यक्रमाच्या दिवशी ते ‘आज’ म्हणत होते आणि दुसऱ्या दिवशी ती सूचना आपोआप नाहीशी झाली होती. मात्र कार्यक्रमाच्या दुपारी कुणीतरी ते पान छापून घेतले आणि पडद्यावर चालणारी वेळ कागदावर तशीच थांबली.

या लहानशा फजितीत आजच्या लेखाचा विषय सामावलेला आहे. पडद्यावरचा काळ चालता असतो, कागदावरचा थांबलेला. वेळेनुसार बदलणारा मजकूर ज्या पानावर आहे, त्या पानाने कागदावर उतरण्यापूर्वी ‘आज’, ‘उद्या’, ‘उरले’ असे सापेक्ष शब्द सोडून पूर्ण तारीख सांगितली पाहिजे. हे काम जावास्क्रिप्ट या भाषेच्या थोड्याशा ओळखीने करता येते. आपल्या मंडळांची, ग्रंथालयांची, शाळांची संकेतस्थळे बहुधा हौसेने आणि मोजक्या पैशांत चालतात. ती सांभाळणाऱ्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल एवढेच येथे सांगायचे आहे.

एक खुलासा आधी करतो. जावास्क्रिप्टच्या आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष पान लिहिताना त्या रोमन लिपीत लिहाव्या लागतात आणि आज्ञांमधील अंकही आंतरराष्ट्रीय स्वरूपातच द्यावे लागतात.

घड्याळ कुणाचे?

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत रचली. घाईत तारखांची व्यवस्था त्या वेळच्या जावा भाषेतून जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली. त्या व्यवस्थेच्या खोडी आजही आपल्याला सांभाळाव्या लागतात.

या भाषेत ‘डेट’ नावाची वस्तू काळ मोजते. ती मोजणी १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, मिलीसेकंदांत होते. आपण ‘आत्ता’ असे विचारले की एक मोठी संख्या मिळते आणि तिच्यातून वर्ष, महिना, दिवस, तास वेगळे काढता येतात. पहिली खोड इथेच आहे. ‘गेट-मंथ’ ही आज्ञा जानेवारीला शून्य म्हणते आणि डिसेंबरला अकरा. ‘गेट-डे’ ही आज्ञा तारीख न देता वार देते आणि रविवारला शून्य म्हणते. तारीख हवी असेल तर ‘गेट-डेट’ म्हणावे लागते आणि ती मात्र एकपासून सुरू होते. नवशिक्याच्या पानावर डिसेंबरचा कार्यक्रम नोव्हेंबरात दिसला तर कारण बहुधा हेच असते. या त्रुटी दूर करणारी ‘टेम्पोरल’ नावाची नवी व्यवस्था अलीकडे ब्राउझरांत येऊ लागली आहे. तिच्यात महिने एकपासूनच मोजले जातात. पण जुन्या फोनवर अवलंबून असलेले वाचक लक्षात घेता ‘डेट’ची ओळख अजून आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे घड्याळ वाचकाच्या यंत्रातले असते, संस्थेचे किंवा आपले नव्हे. बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथे सर्वांची भारतीय प्रमाणवेळ एकच असल्याने हा फरक जाणवत नाही. पण आपल्या मंडळाचे पान अमेरिकेत स्थायिक झालेले माजी विद्यार्थीही उघडतात. समजा, कार्यक्रमाची तारीख आपण नुसती ‘२०२५-१२-२५’ अशी दिली. अशी केवळ तारीख जावास्क्रिप्ट जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र म्हणून वाचते. त्या क्षणी भारतात २५ डिसेंबरच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे आपल्याला सगळे ठीक दिसते. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याच क्षणी २४ डिसेंबरच्या सायंकाळचे सात वाजलेले असतात आणि तेथील वाचकाला कार्यक्रम एक दिवस आधीचा दिसतो. यावर उपाय सोपा आहे. तारखेसोबत वेळ आणि ‘+०५:३०’ ही भारतीय प्रमाणवेळेची खूण द्यावी. मग तो क्षण जगभर एकच राहतो. दाखवतानाही ‘एशिया/कोलकाता’ हा कालविभाग नेमून द्यावा आणि ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द पानावर लिहावेत.

हीच खोड उलट दिशेनेही भोवते. ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ या आज्ञेने मिळालेल्या मजकुरातून आजची तारीख कापून घेण्याची सवय अनेकांना असते. ही आज्ञा जागतिक प्रमाणवेळ देते. म्हणून भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालची तारीख सांगते. अशा पानावरचा ‘आजचा शब्द’ मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचला बदलतो. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, तेव्हा एखाद्याला हे मुद्दाम केले असावे असेही वाटेल. पण ती चूकच आहे.

मराठीत तारीख

पानावर मराठी तारीख दाखवण्यासाठी महिन्यांची व वारांची यादी स्वतः लिहिण्याची आता गरज नाही. यूनिकोड कन्सोर्टियम सीएलडीआर नावाचा जगातील भाषांचा माहितीसंग्रह राखते. त्यात मराठी महिने, वार व अंक नोंदलेले आहेत आणि ब्राउझर तेच वापरतात. ‘टू-लोकेल-डेट-स्ट्रिंग’ या आज्ञेला मराठी भाषा व भारत देश यांचा संकेत, म्हणजे ‘एमआर-आयएन’, दिला आणि पूर्ण स्वरूप मागितले की ‘गुरुवार, २५ डिसेंबर, २०२५’ असा मजकूर मिळतो. अंकही देवनागरी येतात, कारण या संग्रहात मराठीचे मूळ अंक देवनागरी मानलेले आहेत. हिंदीसाठी त्याच संग्रहात आंतरराष्ट्रीय अंक मूळ धरलेले आहेत, ही नोंद इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना उपयोगी पडेल. तेथील हिंदी पानाची नक्कल करून मराठी पान केले आणि भाषेचा संकेत बदलायचा राहिला, तर अंक मराठी होत नाहीत.

संकेत दिलाच नाही तर ब्राउझर वाचकाच्या यंत्राची भाषा धरतो. मग एकच पान वडोदऱ्यात एकाला गुजरातीत आणि दुसऱ्याला इंग्रजीत तारीख दाखवते. इंग्रजी जर अमेरिकी वळणाची असेल तर ६ जुलै ही तारीख ‘७/६’ अशी छापली जाते आणि वाचणारा ती ७ जून समजतो. म्हणून संकेत नेहमी द्यावा आणि महिना अंकात न लिहिता अक्षरात लिहावा.

अंकांबाबत एक सावधगिरी हवी. देवनागरी अंक दाखवण्यासाठी आहेत, हिशेबासाठी नाहीत. वाचकाने नोंदणी अर्जात ‘१२’ असे देवनागरीत लिहिले तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. त्यामुळे आत हिशेब आंतरराष्ट्रीय अंकांत ठेवावा, वाचकाकडून आलेले देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत आणि बाहेर दाखवताना पुन्हा देवनागरी करावेत.

याच आज्ञेला भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकाही मागता येते. मग चैत्र, वैशाख अशी नावे आणि शक वर्ष मिळते. पण येथे गफलत होऊ देऊ नये. ही २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, शासनाने स्वीकारलेली सौर दिनदर्शिका आहे. तिचे वर्ष २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. आपला गुढीपाडवा चांद्र तिथीने येतो. २०२३ साली तो योगायोगाने २२ मार्चलाच आला, पण २०२४ साली ९ एप्रिलला होता. जावास्क्रिप्टकडून मिळालेला ‘१ चैत्र’ पाहून पानावर पाडव्याच्या शुभेच्छा झळकवणाऱ्याला एका वर्षी शाबासकी आणि पुढच्या वर्षी बोलणी मिळतील. सणांच्या तारखा पंचांगातून पाहून वर्षाच्या सुरुवातीला यादीतच लिहून ठेवाव्यात.

सव्वा, दीड, अडीच, पाऊण

तारखेचे काम तयार संग्रहाने झाले तरी वेळेचे होत नाही. ‘६:३०’ हे मराठी डोळ्याला चालते, पण मराठी तोंड ‘साडेसहा’ म्हणते. सूचना मोठ्याने वाचून दाखवायची असेल, मुलांसाठी असेल किंवा निमंत्रणपत्रिकेसारखी दिसायला हवी असेल, तर वेळ शब्दांत लिहिणारे छोटेसे कार्य आपणच रचावे लागते. ते रचताना आपल्या भाषेचे नियम नव्याने लक्षात येतात.

पंधरा मिनिटांना ‘सव्वा’ आणि पुढे तास म्हणायचा, जसे सव्वातीन, सव्वाबारा. पण एक वाजून पंधरा मिनिटांना ‘सव्वाएक’ कुणी म्हणत नाही, नुसते ‘सव्वा’ म्हणतात. तीस मिनिटांना ‘साडे’, पण एकसाठी ‘दीड’ आणि दोनसाठी ‘अडीच’. पंचेचाळीस मिनिटांना ‘पावणे’ आणि पुढचा तास, म्हणून ६:४५ म्हणजे पावणेसात. पण १२:४५ हे ‘पावणेएक’ नव्हे, ते ‘पाऊण’. म्हणजे चार अपवाद लिहिले की उरलेले सगळे नियमात बसते. मधल्या मिनिटांसाठी ‘सहा वाजून वीस मिनिटांनी’ ही रचना पुरते.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे लागते. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, पण पावणेदोन वाजले. एकवचन दीडपर्यंत चालते आणि पावणेदोनपासून अनेकवचन सुरू होते. परभाषकाने लिहिलेल्या तयार आज्ञासंचात हा बारकावा सहसा सापडणार नाही. तो मराठी बोलणाऱ्यालाच घालावा लागतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हे कार्य लिहायला दिले तर व्याकरण आणि संगणक यांचा तास एकत्र होतो.

मग प्रश्न येतो प्रहराचा. पहाट कधी संपते? चार वाजता दुपार म्हणावी की सायंकाळ? यंत्राला सीमा आखून द्यावीच लागते. चार ते सहा पहाट, बारापर्यंत सकाळ, चारपर्यंत दुपार, सातपर्यंत सायंकाळ आणि पुढे रात्र, अशी विभागणी बहुतेकांना पटावी. आपल्या गावच्या बोलण्यानुसार ती बदलायला हरकत नाही. फक्त ‘रात्री बारा’ हे शब्द अंतिम मुदतीसाठी वापरू नयेत. ‘२५ डिसेंबर रात्री १२ पर्यंत निबंध पाठवा’ असे वाचून माणूस २५ तारखेचा दिवस संपताना असे समजतो, तर यंत्राच्या लेखी २५ डिसेंबरचे बारा म्हणजे तो दिवस सुरू होण्याचा क्षण. ‘रात्री ११:५९ पर्यंत’ असे लिहिले की दोघांचे एकमत होते.

वेळेवर दिसणारा मजकूर

वेळेनुसार मजकूर बदलण्याचे सर्वांत उपयोगी दोन प्रकार म्हणजे मुदतीची सूचना आणि रोजचा मजकूर.

मुदतीच्या सूचनेत प्रत्येक कार्यक्रमाला आरंभ व समाप्ती हे दोन क्षण जोडून ठेवावेत. पान उघडताच आत्ताची वेळ त्यांच्याशी ताडून पाहावी आणि सूचना ‘आगामी’, ‘आज’ किंवा ‘झालेले’ यांपैकी योग्य गटात न्यावी. झालेला कार्यक्रम पूर्ण पुसून टाकू नये. संस्थेचा इतिहास अशा पानांतूनच साठत जातो.

‘आजचा शब्द’ किंवा ‘आजची म्हण’ यासाठी शंभर-दोनशे नोंदींची यादी पुरते. आजच्या दिवसाला अनुक्रमांक काढायचा, यादीच्या संख्येने भागायचा आणि बाकी उरेल त्या क्रमांकाची नोंद दाखवायची. दिवसाचा अनुक्रमांक काढताना दोन तारखांतील मिलीसेकंदांना ८,६४,००,००० ने भागण्याची पद्धत आहे. अमेरिका-युरोपात उन्हाळी वेळेच्या बदलामुळे वर्षात एक दिवस तेवीस तासांचा आणि एक पंचवीस तासांचा असतो आणि तेथे हा भागाकार चुकतो. वर्ष, महिना, दिवस हे तिन्ही ‘डेट-यूटीसी’ या आज्ञेला देऊन मग भागल्यास पूर्णांकच येतो.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. वाचकाचे घड्याळ चुकीचे असू शकते किंवा तो ते मुद्दाम बदलू शकतो. आणि जावास्क्रिप्टने लपवलेला मजकूर पानाच्या मूळ संहितेत असतोच, तो कुणीही उघडून वाचू शकतो. त्यामुळे परीक्षेची प्रश्नपत्रिका किंवा स्पर्धेचा निकाल ‘सकाळी दहाला दिसेल’ अशा रीतीने पानात आधीच घालून ठेवणे म्हणजे पाकीट न चिकटवता टपालात टाकणे. जिथे मुदत पाळली जाणे महत्त्वाचे आहे, तिथे निर्णय सर्व्हरवरच झाला पाहिजे. तसेच मूळ सूचना पूर्ण तारखेसह साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली असावी. जावास्क्रिप्टने तिच्यात फक्त भर घालावी. मग जावास्क्रिप्ट बंद असली तरी वाचक उपाशी राहत नाही.

यंत्राची जाग

पान उघडे असताना मजकूर बदलत राहावा यासाठी दोन आज्ञा आहेत. ‘सेट-टाइमआउट’ ठरावीक अवधीनंतर एकदा काम करते आणि ‘सेट-इंटरव्हल’ ते पुन्हा पुन्हा करते. या आज्ञांना अचूक घड्याळ समजणे ही सर्वसाधारण चूक आहे. सांगितलेला अवधी हा कमीत कमी अवधी असतो. यंत्र दुसऱ्या कामात असेल तर उशीर होतो. वाचक दुसऱ्या टॅबवर गेला तर ब्राउझर वीज वाचवण्यासाठी मागच्या पानाला सेकंदातून एकदाच जाग देतो आणि क्रोममध्ये काही परिस्थितीत मिनिटातून एकदाच. म्हणून ‘उरले इतके सेकंद’ दाखवताना दर जागेला एक वजा करणारे पान हळूहळू मागे पडते. प्रत्येक वेळी खऱ्या घड्याळाला विचारून कार्यक्रमाच्या क्षणातून वजाबाकी करावी. मग जाग उशिरा आली तरी उत्तर बरोबर येते.

आणखी एक विलक्षण मर्यादा अशी की, हा अवधी २,१४,७४,८३,६४७ मिलीसेकंदांपेक्षा, म्हणजे सुमारे २४ दिवस २० तासांपेक्षा, जास्त दिला तर ब्राउझर थांबतच नाही, काम लगेच उरकतो. ‘महिनाभराने दाखव’ असे सांगितलेली सूचना तत्काळ समोर येते.

कविता किंवा सुविचार आपोआप फिरवणारी पट्टी अनेक संस्थांना आवडते. तिच्याबाबत वाचकाचा विचार व्हावा. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, की पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. आपल्याकडे याला वेगळे महत्त्व आहे. घरी मराठी बोलणारी, पण शाळेत हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले मराठी सावकाश वाचतात. कडवे निम्मे वाचून होते तोच ते सरकले, तर मूल पुन्हा त्या पानाकडे वळणार नाही. ‘थांबा’ असे लिहिलेले एक बटण त्याला वाचू देते.

कागदाचे नियम

आता छपाईकडे वळू. ‘विंडो-प्रिंट’ ही आज्ञा फक्त छपाईची चौकट उघडते. वाचकाला न विचारता कागद काढणे तिला शक्य नाही आणि वाचकाने शेवटी छापले की रद्द केले हेही पानाला कळत नाही. कागदाचे रूप ठरवण्याचे खरे काम सीएसएस करते. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात केवळ छपाईसाठी वेगळे नियम लिहिण्याची सोय आहे.

त्या नियमांत प्रथम मेनू, शोधपेटी आणि छपाईचे बटण लपवावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर कागदासाठी काळी करून घ्यावीत. ब्राउझर पार्श्वभूमीचा रंग सहसा छापत नाही आणि पांढरी अक्षरे कागदावर नीट दिसत नाहीत. कवितेच्या प्रत्येक कडव्याला ‘मध्ये तोडू नये’ असा नियम लावावा, शीर्षकाला ‘यानंतर पान बदलू नये’ असा. समास मोकळे ठेवावेत. आपला ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा, तर अमेरिकेतला ‘लेटर’ कागद सुमारे २१६ गुणिले २७९ मिलिमीटरचा. एका पानावर कसाबसा बसवलेला मजकूर तिकडे दुसऱ्या पानावर सांडतो. दुवे कागदावर निरुपयोगी ठरतात म्हणून त्यांचे पत्ते पुढे छापण्याची सोय आहे. पण पत्त्यात देवनागरी असेल तर बहुधा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ छापली जाते. छापायच्या पानांचे पत्ते लहान आणि रोमन लिपीत ठेवलेले बरे.

मराठीचे म्हणून तीन मुद्दे आहेत. ओळींतील अंतर पुरेसे नसेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा एकमेकांत शिरतात. हे पडद्यापेक्षा कागदावर अधिक खुपते. दुसरे, इंटरनेटवरून येणारा फॉन्ट पोहोचण्याआधी छपाई सुरू झाली तर भलताच फॉन्ट छापला जातो किंवा जागा कोरी राहते. बटण दाबल्यावर ‘डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडी’ची वाट पाहून मगच चौकट उघडावी. तिसरे, पानाच्या आरंभी भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठी वळणे स्वीकारली. काही देवनागरी फॉन्टांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणे असतात आणि कोणते दाखवायचे हे ते या नोंदीवरून ठरवतात. ती नसेल तर मराठी बालगीत हिंदी वळणाच्या अक्षरांत छापले जाते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वर्गात शिक्षिका फळ्यावर एक ‘ल’ काढतात आणि हातातल्या कागदावर मुलाला दुसराच दिसतो, असे होऊ नये.

छापण्याआधीचा क्षण

पडदा आणि कागद यांना जोडणारा दुवा म्हणजे ‘बिफोर-प्रिंट’ आणि ‘आफ्टर-प्रिंट’ या दोन घटना. छपाईच्या आधी ब्राउझर पानाला पहिली घटना कळवतो आणि नंतर दुसरी. वाचकाने आपले बटण दाबले काय किंवा कळफलकावर कंट्रोल आणि पी दाबले काय, या घटना दोन्ही वेळी घडतात. म्हणून कागदासाठीची तयारी बटणात न ठेवता या घटनांना जोडावी.

तयारी पाच गोष्टींची असते. ‘आज’, ‘उद्या’ या शब्दांच्या जागी वार, तारीख व वर्ष घालावे. ‘उरले इतके तास’ ही पट्टी काढून टाकावी. फिरत्या पट्टीतल्या सगळ्या कविता एकाखाली एक मांडाव्यात, नाहीतर त्या क्षणी समोर असलेली एकच छापली जाते. ‘अधिक वाचा’खाली मिटलेले परिच्छेद उघडावेत. आणि पानाच्या तळाशी, एरवी लपवलेली, एक ओळ भरावी : ‘हे पान गुरुवार, २५ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी सव्वादोन वाजता छापले. यानंतर बदल झाला असल्यास संकेतस्थळ पाहावे.’ दुसरी घटना आली की सगळे पूर्ववत करावे आणि उरलेला वेळ पुन्हा घड्याळाला विचारून दाखवावा, कारण छपाईची चौकट उघडी असताना पानाचे काम बहुधा थांबलेले असते.

शेवटी तपासणी. वेळेचे कार्य लिहिताना ते घड्याळाला आतून विचारणारे न लिहिता, बाहेरून दिलेला क्षण स्वीकारणारे लिहावे. मग कोणतीही वेळ देऊन त्याची परीक्षा घेता येते. १२:४५, १:१५, १:३०, २:३०, मध्यरात्र, ३१ डिसेंबर आणि २९ फेब्रुवारी हे क्षण न विसरता द्यावेत. छपाईची परीक्षा मात्र एकदा तरी खऱ्या कागदावर घ्यावी. पूर्वदृश्यात न दिसलेल्या चुका तिथे दिसतात.

आरंभी सांगितलेल्या त्या कागदावर वार, तारीख आणि छपाईची वेळ असती तर फलकावरून तो काढायला कुणी विसरले असते तरी बिघडले नसते. वयस्क वाचकांनी तारीख वाचली असती, कार्यक्रम हुकल्याची हळहळ व्यक्त केली असती आणि ते वाचनकक्षात वर्तमानपत्र घेऊन बसले असते. पडद्यावरची सूचना एका दिवसाची असते. तिचा कागद फलकावर किती दिवस राहील हे पान लिहिणाऱ्याच्या हाती नसते. त्यावर तारीख घालणे मात्र त्याच्याच हाती असते.